फळी पडायच्या आधी

जुन्या फेरीबोटीवरच्या बाबली तारीची नात सेजल सातवीत आहे आणि अडलेलं गणित ती मोबाइलमध्ये विचारते. कुणाला विचारते ते तिचं तिलाही ठाऊक नसतं. प्रश्नाचा फोटो काढून टाकायचा, की कुठल्या तरी गावचा कुणी तरी, ज्याचं नाव खरं की खोटं देव जाणे, पाच मिनिटांत उत्तर पाठवून देतो. तिची आई पल्लवी रागावते. "कोण गो तो? मामा लागता तुझो?"

"आई, तो कोणाचोच कोण नाय. तो फक्त गणितां सोडयता."

मग पडवीतल्या बांकावरून म्हातारा बाबली हात वर करतो. "ऱ्हवां दे गो. बाय, काय सांगल्यान त्येणां? आधी माका सांग. मागीर लिव."

सेजल तोंड वाकडं करते, पण सांगते. म्हातारा चौथी शिकलेला. सातवीच्या गणितातलं त्याला काडीचं कळत नाही. तरी तिच्या तोंडाकडे टक लावून ऐकतो आणि ती जिथं अडखळते तिथं बरोबर बोट ठेवतो, "हय काय तरी बुडला." सेजलला अजून वाटतं की आजोबांना गणित येतं, पण ते लपवतात. येत नाही. ही सवय त्याला फेरीबोटीवर लागली, आणि ती लागेपर्यंत त्याच्या लेकीची शाळा कायमची सुटायची वेळ आली होती.

गोवा राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षाची ही गोष्ट. आमोण्याला तेव्हा पूल नव्हता. पलीकडे जायचं तर फेरीबोट. सपाट लोखंडी बोट, तिला पुढे एक रुंद लोखंडी फळी. काठाला लागलं की साखळी सैल करून फळी खाली सोडायची, माणसं, सायकली, एखाददुसरी जीप उतरली की परत वर ओढून घ्यायची. वर काचेच्या खोपटात चक्र धरून कृष्णनाथ, खाली यंत्रावर एक जण, आणि फळीच्या साखळीपाशी बाबली. अकरा वर्षं तो एकाच जागी उभा होता, एवढा की तिथल्या पत्र्याचा रंग त्याच्या टाचांनी खरवडून गेला होता. ह्या काठावरून त्या काठाला सात मिनिटं. पावसात नदीला ओढ असली की दहा.

बाबली शिकला तो पोर्तुगीज असताना, देवळाच्या मंडपात, पंतोजींपुढे मांडी घालून. पाटीवर अक्षर चांगलं गिरवी. पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ. चौथी झाली आणि बापानं हातात वल्हं दिलं. त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही, निदान तसं तो कुणाला म्हणाला नाही. पण पल्लवी पाच दिवसांची असताना त्यानं तिचा तळहात उघडून बघितला आणि बायकोला म्हणाला, "ह्या हातात साखळी येवची नाय."

पल्लवी चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत पहिली आली. इथवर सगळं गोड. पाचवीपासून मात्र हायस्कूल, आणि हायस्कूल इंग्रजी. जून महिन्यात एका दिवसात सगळी पुस्तकं परकी झाली. आदल्या वर्षी जी पोर भागाकार जिभेवर खेळवत होती, तिला आता भागाकार करायचा की गुणाकार तेच कळेना, कारण प्रश्नच वाचता येईना. पहिल्या चाचणीची वही घरी आली ती लाल शाईनं भिजलेली. बाबलीनं वही उलटीसुलटी करून पाहिली. चंद्रावतीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, चुलीपुढून विचारलं, "काय म्हणतत?"

"तांबडां म्हणतत," बाबली म्हणाला.

चंद्रावती बाई तशी कडक, पण दुष्ट नव्हे. तिच्या मोरजीच्या बहिणीनं घरातल्या दोन खोल्या गोऱ्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली होती. हाताखाली एक मुलगी हवी म्हणून ती दोनदा निरोप पाठवून चुकली होती. चंद्रावती म्हणाली, "एक वर्स बघूया. पाचवीत ऱ्हवली तर मात्र मोरज्याक धाडूया. हय रडत बसण्यापरास थय चार गजाली तरी शिकात."

बाबलीनं मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पल्लवी सकाळच्या बोटीवर दप्तर घेऊन येऊन बसली. शाळा आमोण्याच्याच बाजूला, तिला नदी ओलांडायचं कारण नव्हतं. पण शाळेआधी बापाबरोबर एक फेरी मारायची, हा तिचा लहानपणापासूनचा लाड. बोटीत एक नवा माणूस होता, खिशाला पेन, डोळ्यांना चष्मा. बाबलीनं साखळी अडकवली, लेकीच्या दप्तरातून वही काढली आणि सरळ त्याच्यापुढे धरली.

"पात्रांव, वायच बघशात? चेडवाचां गणित. काय विचारतां ताच कळना नाय."

तो माणूस आधी दचकला. मग वाचून म्हणाला, "अगं, सोपं आहे. एका टोपलीत बारा आंबे, तर अशा सात टोपल्यांत किती, एवढंच विचारलंय."

"चौऱ्यांशी," पल्लवी म्हणाली. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत.

बाबलीला वाटलं, आपल्या हाती किल्लीच लागली. नदीवरून रोज शेकडो शिकलेली माणसं जातात, सात-सात मिनिटं नुसती पाण्याकडे बघत बसतात. आणि इथं एका ओळीसाठी पोरीचं वर्ष अडलंय!

तेव्हापासून आमोण्याच्या फेरीबोटीवर एक वेगळीच शाळा सुरू झाली. आधी पल्लवी, मग वाड्यावरची आणखी तिघं, मग पलीकडच्या काठावरून शाळेला येणारी. एका फेरीला एकाचा एकच प्रश्न, हा बाबलीचा नियम. कुणाची वही कुणापुढे धरायची ते तो फळीपाशी उभ्या-उभ्या ठरवी. त्याची पारख चष्म्यावर आणि पेनांवर. एकदा तीन पेनांचा एक माणूस चढला. बाबलीनं अदबीनं त्याच्यापुढे गणित ठेवलं. त्यानं डोळे मिटून क्षणात उत्तर सांगितलं. वरून कृष्णनाथ ओरडला, "अरे बाबल्या, तो मटक्याचे आकडे घेता रे! उद्यां पोरां शाळेत पाना-आकडो लावतली!" अख्खी बोट हसली. उत्तर मात्र बरोबर निघालं.

एकदा पांढऱ्या कोटातले एक म्हातारे गृहस्थ होते, पोर्तुगीज शाळेत शिकलेले. त्यांनी भागाकार इतका सुरेख करून दिला की बघत राहावं. पण त्यांच्या रीतीत भाजक उजवीकडे लिहितात. शाळेत बाईंनी त्यावर नुसतं भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं. आणि एकदा मराठी की कोंकणी यावरून दोन पुढारी गळ्याच्या शिरा ताणून भांडत होते. धक्क्याच्या भिंतीवर तेव्हा दोन्ही बाजूंच्या घोषणा रंगवलेल्या असत, एकावर एक. बाबलीनं दोघांच्या मध्ये पाचवीचं इंग्रजी पुस्तक उघडून धरलं. दोघांनी वाकून बघितलं. दोघेही पलीकडच्या काठापर्यंत गप्प.

अशा शंभर गमती. पण एक गोष्ट बाबलीच्या ध्यानात आली नव्हती. सकाळच्या त्याच बोटीतून पलीकडच्या काठावरून कमलाक्षी बाई रोज यायच्या. पल्लवीला इंग्रजी आणि गणित त्याच शिकवायच्या. मागच्या बांकावर बसून त्या वह्या तपासत. त्या बसल्या की पोरं पुढे सरकत आणि वही त्यांच्या नजरेआड धरत. त्यांच्यापुढे वही न्यावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. बाबलीच्याही नाही.

पावसाळा सरत आला तसा रघुनाथ नावाचा तरुण रोज बोटीत दिसू लागला. कुडाळकडचा, नदीच्या मोजमापाच्या कसल्याशा कामावर आलेला. खांद्याला पिशवी, बोलणं गोड. त्याचं नाव तरी बाबलीला माहीत कुठं होतं? सगळ्यांसारखाच तोही 'पात्रांव', म्हणजे मालक. ह्या पात्रांवाचं वैशिष्ट्य असं की तो समजावून सांगण्यात वेळ घालवत नसे. "आण इकडे," म्हणायचा आणि मोत्यासारख्या अक्षरात सगळं लिहूनच द्यायचा. सात मिनिटांत पानभर. पोरांनी फक्त उतरवून घ्यायचं. पोरं त्याच्यावर खूश. पल्लवीच्या वहीतला तांबडा रंग उतरला. बाबलीनं एक दिवस त्याला घरचे दोन नारळ सोलून दिले. तो म्हणाला, "अहो, कशाला?" बाबली म्हणाला, "तुमचे हात सोन्याचे, म्हणान."

दिवाळीनंतर सहामाहीचे पेपर तपासून झाले आणि कमलाक्षी बाईंचा निरोप आला, पल्लवीच्या वडिलांनी शाळेत यावं.

कृष्णनाथानं एका फेरीपुरती साखळी यंत्रावरल्याकडे दिली आणि बाबली खाकी अर्ध्या चड्डीवर धुतलेला सदरा चढवून शाळेत गेला. व्हरांड्यात पल्लवी खांबाला टेकून उभी होती. बाईंच्या मेजावर चार पेपर होते.

"तुम्ही पल्लवीचे वडील?" बाईंनी विचारलं. रोज बघायच्या त्या त्याला, पण सदऱ्यात ओळखायला एक क्षण गेला. "अहो, तुम्ही तर फेरीबोटीवरचे!"

"होय बाई."

"मग हे ऐका. निबंधाचा विषय होता, माझे वडील. तुमच्या मुलीनं लिहिलंय ते मराठीत सांगते." बाईंनी पेपर उचलला. "माझे वडील बँकेत अधिकारी आहेत. ते रोज सकाळी वर्तमानपत्र वाचतात. ते स्कूटरवरून कचेरीत जातात. रविवारी ते आम्हांला बागेत फिरायला नेतात. संध्याकाळी ते मला अभ्यासात मदत करतात."

बाबली ऐकत राहिला. बाई थांबल्या तरी त्याला वाटत होतं, अजून पुढे असेल.

"आणि तरीचां?" त्यानं विचारलं.

"फेरीबोटीचं एक अक्षर नाही. आणि हे बघा," बाईंनी उरलेले तीन पेपर त्याच्यापुढे सरकवले. "ही तिघं तुमच्याच बोटीवरची. चौघांचे वडील बँकेत अधिकारी, चौघांची स्कूटर, चौघांचा रविवार बागेत. एका शब्दाचा फरक नाही. शिक्षकांच्या खोलीत सगळे हसले. मला हसू आलं नाही."

बाबलीनं लेकीकडे बघितलं. "पल्लू, अशा कित्याक लिवलंस गो?"

"त्या पात्रांवान लिवन दिल्यानी. मी पाठ केलंय." पोरीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

बाईंनी हळू आवाजात विचारलं, "ऑफिसर म्हणजे काय, सांग बघू?"

पल्लवी म्हणाली, "बाबा करतत ता काम."

तिला खरंच तसं वाटलं होतं. आपल्या बापाच्या कामाला इंग्रजीत तो शब्द असणार. तिनं विश्वासानं पाठ केलं, विश्वासानं लिहिलं, आणि पेपर लिहिताना, हे तिनं पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तिच्या डोळ्यांपुढे बाबा साखळी ओढतानाच उभा होता.

"निबंधाला आठ गुण दिलेत," बाई म्हणाल्या. "काढून घेणार नाही. पण बाकीचा पेपर कोरा आहे. जे पाठ नव्हतं ते कोरं. वार्षिक परीक्षेत असंच झालं तर मी तिला वर चढवू शकत नाही. आणि बाबली, बोटीवर वाटेल त्या माणसाला वह्या दाखवणं आजपासून बंद. कोण तो, कुठला तो, नाव तरी ठाऊक आहे तुम्हांला? परक्या माणसावर एवढा भरवसा?"

बाबली जन्मात कुणा शिक्षकाला उलटून बोलला नव्हता. पण त्या दिवशी बोलला. सावकाश, खाली बघत.

"बाई, खरां आसा. पण ह्या पुस्तकाची वळख असलेलो माज्या घरात कोण आसा? माज्या वाड्यार कोण आसा? आमका सगळेच परके. आपलो खंयसून आणू?"

"मी होते ना," बाई म्हणाल्या. "रोज दोनदा मी तुमच्या बोटीत असते. माझ्यापासून दहा हातांवर तुम्ही पोरांना कुणाकुणाकडे पाठवता. मला एकदाही का विचारलं नाहीत?"

उत्तर इतकं साधं होतं की बाबलीला ते बोलायची लाज वाटली.

"तुमका विचारला तर तुमका कळतला, चेडवाक येणा नाय म्हणान. परको बरो, बाई. तो उतरान जाता. त्येच्या मनात काय ऱ्हवणा नाय."

कमलाक्षी बाईंनी चष्मा काढून मेजावर ठेवला. वीस वर्षं शिकवत होत्या त्या. पोरं आपल्याला का विचारत नाहीत, हे त्यांना कुणी इतकं उघडं सांगितलं नव्हतं. मग म्हणाल्या, "उतरून जातो, हे खरं. म्हणूनच आपण काय लिहून दिलं आणि त्याचं पुढं काय झालं, हेही तो बघायला थांबत नाही."

घरी चंद्रावतीला सगळं कळलंच. गावात गोष्ट लपते थोडीच. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "मोरज्याक कळवया?" बाबली म्हणाला, "वार्षिक होंवदे." आणि जेवण अर्धं टाकून उठला.

दोन दिवस बोट मुकी होती. पोरं दप्तरं मांडीवर घेऊन बसली. रघुनाथ बोटीत चढला, हसून "काय रे, आज गणित नाही?" म्हणाला. बाबलीनं त्याला राम राम केला, पण वही पुढे केली नाही. त्याचा राग येत नव्हता. राग येत होता तो स्वतःचा. त्या माणसाच्या हातात वही आपणच दिली, वर नारळही दिले.

तिसऱ्या दिवशी सकाळची बोट पलीकडच्या काठावरून सुटली. कमलाक्षी बाई मागच्या बांकावर. बाबलीनं साखळी अडकवली, हात पुसले आणि फळीपासची जागा सोडून सरळ बाईंपुढे जाऊन उभा राहिला. बोटीत तीसेक माणसं होती. पोदेर पावाच्या टोपलीवर हात ठेवून बघत होता. पल्लवी पुढे बसलेली, तिनं मान वळवली.

"बाई," बाबली मोठ्यानं म्हणाला, "माका एक विचारूचां आसा. माका येणा नाय."

बाईंनी वही मिटली. "विचारा."

त्यानं फळीपाशी खांबाला ठोकलेल्या एका पांढऱ्या पाटीकडे बोट दाखवलं. इंग्रजी अक्षरं, लाल रंगात. "अकरा वर्सां मी त्या पाटयेक टेकान उबो आसंय. दर चवथीक पुसतंय. थय काय लिवलां ता माका म्हायत नाय. कोणाक विचारूक लाज दिसली."

बाईंनी पाटी वाचली. त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या, पण त्यांनी आवरलं. "लिहिलंय, ह्या जागी कोणीही उभं राहू नये."

वरून कृष्णनाथ असा हसला की चक्रावरचा हात सुटतोय की काय वाटलं. पोदेर हसला, माणसं हसली, बाईही हसल्या. बाबलीही हसला. हसता-हसता त्यानं डोळे पुसले आणि लेकीकडे बघितलं. "बघलंस मां? सगळे हसले, तरी मरूक नाय मी. आता तू विचार."

पल्लवी उठली. दहा हातांचं अंतर चालायला तिला अर्धी नदी लागली. बाईंपुढे वही उघडून ती म्हणाली, "बाई, ह्या सगळाच येणा नाय."

"सगळं नको," बाई म्हणाल्या. "आधी एक ओळ."

पण सगळ्यांना एकट्या बाई कशा पुरणार? बोटी दिवसाला वीस, बाई दोन फेऱ्यांना. तेव्हा परक्यांना विचारायची बंदी बाईंनीच सैल केली आणि त्याला बाबलीनं आपली अट घातली. विचारा वाटेल त्याला. तीन पेनांचा असो, बिनपेनाचा असो. पण त्यानं सांगितलं की लगेच लिहायचं नाही. आधी फळीपाशी यायचं आणि तो काय म्हणाला ते बाबलीला आपल्या बोलीत सांगायचं. फळी पडायच्या आधी. ज्याला सांगता आलं त्यानं लिहावं. जो अडखळला त्यानं परत जाऊन विचारावं, तोवर बोट काठाला लागली तर तो प्रश्न बुडाला.

लोक म्हणत, बाबल्याला काय कळणार? त्याला कळत नव्हतंच. पण पाण्यावरच्या माणसाला एक जमतं. पाणी कुठं खोल आणि कुठं उथळ, ते तो वरच्या हालचालीवरून ओळखतो. पोर मनापासून बोलतंय की पाठ केलेलं ओकतंय, ते त्याला तोंडावरून दिसे. रघुनाथालाही ही अट लागू झाली. पहिल्या दिवशी त्यानं लिहून दिलेलं पान एका पोरानं फळीपाशी आणलं आणि त्याला एक वाक्य सांगता येईना. बाबलीनं पान परत पाठवलं. रघुनाथ गोरामोरा झाला. मग खाली, पोराच्या शेजारी, लोखंडावरच बसला आणि पहिल्यांदाच त्यानं समजावून सांगितलं. फेब्रुवारीत त्याचं काम संपलं आणि तो गेला. जाताना बाबलीला म्हणाला, "माझं नाव रघुनाथ." बाबली म्हणाला, "आता कित्याक सांगतास? आदी सांगूचां होतां."

मार्च महिन्यात वार्षिक झाली. एप्रिलच्या अखेरीस निकाल. त्या सकाळी चंद्रावतीनं मोरजीच्या बहिणीचं पत्र देवाच्या फळीवर ठेवलं होतं, उत्तर काय द्यायचं ते दुपारी ठरणार होतं. पल्लवीचा निकाल बोटीवर आणायचं बाईंनी कबूल केलं होतं. बाबलीनं दोनदा साखळी उलटी अडकवली.

दुपारच्या बोटीला बाई आल्या, मागून पल्लवी पळत. बोट सुटली. बाईंनी आधी बातमी सांगितली. "सहावीत गेली. गणितात बरी आहे. इंग्रजीत काठावर. पुढच्या वर्षी याहून कष्ट."

बाबलीनं नुसती मान हलवली.

"आणि हा तिचा निबंध. विषय होता, मला आवडणारा माणूस. शाळेला परत द्यायचाय, पण आधी तुम्ही बघा."

कागदावर सहा ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीवर लाल खुणा. खाली आकडा चार. तेवढा बाबलीला वाचता येई.

"आदी आठ पडलेले," तो म्हणाला.

"ते त्या पात्रांवाला पडले होते," बाई म्हणाल्या. "हे चार तिचे."

बाबलीनं कागद लेकीच्या हातात दिला. "सांग. माका सांग, काय लिवलंस ता. आपल्या भाशेत."

पल्लवी फळीपाशी उभी राहिली, ज्या जागी कुणी उभं राहू नये असं पाटीवर लिहिलंय त्याच जागी. बोलायला लागली. "माजे बाबा तरीर काम करतत. ते फळी वर काडतत आनी सकयल घालतत. तेंका इंग्लीश येणा नाय." इथं ती थांबली. बापाकडे बघितलं. तो म्हणाला, "खरां आसा. फुडे."

"तेंका येणा नाय, म्हणान ते माका विचारतत. तेंका सांगतंय तेन्ना माका येता."

बोट काठाला लागली. यंत्र मंद झालं, पुढचा लोखंडी तळ चिखलात घासला. धक्क्यावर माणसं वाट बघत होती, मागे एका जीपनं भोंगा वाजवला, मग दुसऱ्यांदा. वरून कृष्णनाथ ओरडला, "बाबल्या! मेल्या, फळी!"

अकरा वर्षांत बाबलीला कधी उशीर झाला नव्हता. त्या दिवशी साखळी हातात धरून तो तसाच उभा होता.

"थांब रे," तो वर न बघता म्हणाला. "अजून एक वळ ऱ्हवलीसा."